एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट : पाणी तपासणारा संच आणि त्यात नसलेली एक बाटली

घरातला मासा मलूल दिसू लागला की आपल्याकडे पहिली धाव औषधाच्या बाटलीकडे असते. मासा तळाशी बसून राहतो, पर मिटून घेतो, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करतो, आणि दुकानदार निळ्या नाहीतर पिवळ्या औषधाची बाटली आणि मूठभर खडे मीठ हातात ठेवतो. पाण्याबद्दल विचारले तर ‘पाणी तर अगदी स्वच्छ आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते डोळ्यांपुरते खरेही असते. पण माशांच्या उत्सर्जनातून साचणारा आणि त्यांनाच मारणारा अमोनिया रंगहीन असतो, जिवाणू त्याचे जे नायट्राइट करतात तेही रंगहीन असते, आणि काचेपलीकडची झाडे स्पष्ट दिसणाऱ्या टाकीत ही दोन्ही द्रव्ये घातक प्रमाणात असू शकतात. शोभिवंत माशांच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ रोगजंतूंपेक्षा पाण्यात असते, आणि पाण्यात काय आहे हे मोजल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी हौशी मत्स्यपालकांत सर्वांत जास्त वापरला जाणारा संच म्हणजे अमेरिकी कंपनी एपीआयचा ‘फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट’. तो बराच काळ वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

डब्यात द्रावणांच्या सात लहान बाटल्या, काचेच्या चार नळ्या, त्यांची टोपणे, नळ्या उभ्या ठेवण्याची जागा आणि रंगांचे एक कार्ड एवढे साहित्य मिळते. त्यातून पाच चाचण्या होतात : ६.० ते ७.६ या टप्प्यातील सामू (पीएच), ७.४ ते ८.८ या वरच्या टप्प्यातील सामू, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. सर्व मिळून सुमारे ८०० चाचण्या होतील असा कंपनीचा दावा आहे. एका टाकीच्या मालकाला एवढ्या चाचण्यांची गरज क्वचितच पडेल, आणि या मुद्द्याकडे खरेदीचा विचार करताना पुन्हा येऊ. चाचण्या पाच आणि नळ्या मात्र चार, हा हिशेब कोणी केला असेल ते कळत नाही. सगळ्या चाचण्या एका बैठकीत उरकायच्या असतील तर एक नळी मध्येच धुवावी लागते.

चाचणीची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. अमोनियासाठी नळीत टाकीचे पाणी पाच मिलिलिटरच्या रेघेपर्यंत घ्यायचे, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, मग दुसऱ्या बाटलीचे आठ थेंब टाकायचे, टोपण लावून नळी हलवायची आणि पाच मिनिटे थांबायचे. टोपणाऐवजी अंगठा लावून नळी हलवण्याची सवय अनेकांना असते. ती दोन कारणांनी टाळावी, एक म्हणजे बोटावरचे अंश चाचणीत उतरतात आणि दुसरे म्हणजे ही द्रावणे त्वचेला अपायकारक आहेत. पाणी पिवळे राहिले तर अमोनिया शून्य, आणि जसजसे ते हिरवट होत जाते तसतसा आकडा ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग, म्हणजे लिटरला साधारण तितके मिलिग्रॅम) असा चढत जातो. खरी कसोटी शून्य आणि ०.२५ यांच्या मधल्या छटेत असते. संध्याकाळी पिवळसर बल्बखाली नळी पाहिली तर शून्याचे पाणीही किंचित हिरवे वाटते, किंवा ०.२५ चे पाणी पिवळे. दिवसाच्या उजेडात खिडकीशी, सूर्याकडे पाठ करून, नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून पाहिली की ही शंका बऱ्याच अंशी मिटते. शेजारी बाटलीबंद पाण्याची एक नळी तशाच रीतीने करून ठेवली तर तुलना आणखी सोपी होते. ज्यांना लाल-हिरव्या रंगांतील भेद ओळखण्यात अडचण आहे, त्यांनी मात्र हा संच घेण्यापूर्वी घरातील दुसऱ्या कोणाचे डोळे उपलब्ध आहेत का ते पाहावे.

या संचाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज अमोनियाच्या आकड्यावरूनच होतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ शरीरात शिरतो आणि विषारी असतो, आणि दुसरा अमोनियम आयन, जो त्या मानाने कितीतरी निरुपद्रवी असतो. ही चाचणी दोन्हींची बेरीज दाखवते. त्या बेरजेतील विषारी वाटा किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सियसच्या पाण्यात सामू ७ असेल तर बेरजेच्या जेमतेम ०.६ टक्के भाग मोकळा अमोनिया असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. तापमान ३० अंशांवर गेले, जे आपल्याकडे उन्हाळ्यात सहज जाते, तर सामू ८ लाच हा वाटा साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. मोकळा अमोनिया ०.०५ पीपीएमपर्यंत गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे कार्डावर १ पीपीएमचा तोच हिरवा रंग एका टाकीत ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगत असतो आणि दुसऱ्या टाकीत ‘आत्ता पाणी बदला’ असे सांगत असतो. अमोनियाची नळी सामूच्या नळीशेजारी ठेवूनच वाचायची असते. दोन्ही चाचण्या एकाच डब्यात आल्यामुळे हे आपोआप घडते, आणि सुट्या पट्ट्यांपेक्षा हा संच उजवा ठरण्याचे माझ्या दृष्टीने हे पहिले कारण आहे.

याचे एक उदाहरण आमच्याच इमारतीत पाहायला मिळाले. एका घरात गोल्डफिशची जुनी टाकी आहे. फिल्टर चालू असतो, पाणी आटले की वरून भर घातली जाते, पण पाणी बदलणे क्वचितच होते. मासे वर्षानुवर्षे ठीक राहतात आणि कधी तरी सणावाराला टाकी ‘साफ’ केली की दोन दिवसांत एखाद-दुसरा मरतो, म्हणून ‘पाणी बदललेले माशांना सोसत नाही’ असा त्या घरात ठाम समज होता. पाणी तपासले तेव्हा नायट्रेट कार्डावरच्या गडद लालात गेले, सामूची नळी ६.० च्या पिवळ्यावर होती, आणि अमोनियाचा रंग थेट शेवटच्या, ८ पीपीएमच्या हिरव्याशी जुळला. एवढ्या अमोनियात मासे जिवंत होते याचे कारण तो खाली गेलेला सामू. सामू ६ ला मोकळ्या अमोनियाचा वाटा अर्ध्या दशांश टक्क्याएवढा, म्हणजे जवळजवळ नगण्य असतो. आता त्या टाकीचे अर्धे पाणी एकदम बदलून नळाचे पाणी घातले आणि सामू साडेसातच्या आसपास गेला, तर अमोनियाची बेरीज निम्मी होते खरी, पण मोकळा अमोनिया पूर्वीच्या सुमारे पंधरा पट होतो. मासा ताज्या पाण्यामुळे मरत नाही. ताज्या पाण्याने जुन्या पाण्यातले विष जागे केलेले असते. अशा टाकीला एकच उपाय असतो : रोज थोडे थोडे, दहा टक्क्यांच्या आसपास पाणी बदलत राहायचे, खाणे कमी करायचे आणि अमोनिया उतरेपर्यंत सामूला झटका बसू द्यायचा नाही. त्या घरी हेच केले, औषध काहीही घातले नाही, आणि पाणी बदलण्याची भीतीही गेली.

तो सामू खाली का गेला, हे मात्र या संचातून कळत नाही, आणि येथेच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. टाकीतील अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू हे काम करताना पाण्यातली अल्कता, म्हणजे आम्ल शोषून सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, खर्च करत असतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम अल्कता संपते. मत्स्यपालकांच्या बोलीत जिला ‘केएच’ म्हणतात ती जर २ अंश, म्हणजे लिटरला सुमारे ३५ मिलिग्रॅम असेल, तर पाच मिलिग्रॅम नायट्रोजनवर ती संपून जाते. आणि नायट्रोजनचे ते पाच मिलिग्रॅम, नायट्रेटमधल्या ऑक्सिजनचे वजन धरून, नायट्रेटच्या कार्डावर जेमतेम २२ पीपीएम दिसतात. म्हणजे नायट्रेट अजून ‘ठीक’ रंगात असतानाच सामू घसरायला मोकळा होतो. पुढे सामू ६ च्या आसपास आला की ते जिवाणूच मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. ही साखळी पकडायची असेल तर केएच मोजणे अपरिहार्य आहे, आणि ‘मास्टर’ असे नाव असलेल्या संचात केएचची बाटलीच नाही. ती याच कंपनीच्या केएच आणि जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) यांच्या वेगळ्या जोडसंचात मिळते : पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचे, निळे पाणी ज्या थेंबाला पिवळे होईल तेवढा अंश केएच. चाचणी इतकी सोपी आणि इतकी उपयोगी आहे की ती वगळून सामूच्या दोन चाचण्या डब्यात का ठेवल्या, हे समजणे कठीण आहे.

आपल्या वाचकांना ही उणीव अधिक जाणवेल. भातसा, तानसा आणि वैतरणेच्या जलाशयांतून मुंबईला येणारे पाणी किंवा खडकवासल्याहून पुण्याला येणारे पाणी हे सह्याद्रीवर पडलेले पावसाचे पाणी आहे. ते मुळातच सौम्य असते, त्यात क्षार कमी, आणि म्हणून सामू सावरण्याची ताकदही मर्यादित. त्यातच काही जण ‘माशांना शुद्ध पाणी’ म्हणून आरओचे पाणी वापरतात, ज्यात केएच जवळजवळ शून्य असते. एवढ्या शुद्ध पाण्यात भरपूर खाणारा गोल्डफिश ठेवणे म्हणजे सामू कोसळण्याची वाट पाहणे होय. उलट पठारावर बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांकडे सामू स्थिर राहतो, पण तो आठच्या वर असला तर अमोनियाचा थोडासा आकडाही महागात पडतो. सौम्य पाण्याच्या टाकीत शिंपल्यांचे तुकडे किंवा प्रवाळाची भरड फिल्टरमध्ये ठेवली तर केएच हळूहळू वाढते. खाण्याच्या सोड्यानेही ती वाढते, पण हा उपाय मोजून आणि हळूहळूच करावा, आणि अमोनिया शून्य असल्याची खात्री झाल्यावरच.

नायट्राइटची चाचणी पाचांत सर्वांत सुटसुटीत आहे. पाच थेंब, पाच मिनिटे, आकाशी रंग राहिला तर शून्य आणि जांभळा झाला तर धोका; अर्ध्या उजेडातही फसगत होत नाही. नव्या टाकीत पहिल्या महिना-दीड महिन्यात या नळीचा रंग पाहण्यासारखा असतो, कारण अमोनिया उतरू लागला म्हणून माणूस निर्धास्त होतो त्याच सुमारास नायट्राइट चढते. कल्ल्यांतून ते रक्तात गेले की रक्तातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता जाते, कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि एअर पंप भरपूर बुडबुडे सोडत असतानाही मासा धापा टाकतो. कल्ल्यांना क्लोराइड आणि नायट्राइट यांत फारसा फरक करता येत नाही, म्हणून पाण्यात थोडे मीठ असले तर क्लोराइड नायट्राइटची वाट अडवते. दुकानदाराचे खडे मीठ कधी कधी ‘लागू पडते’ त्यामागे हेही कारण असते. मात्र जांभळी नळी न पाहता घातलेले मीठ आणि पाहून घातलेले मीठ यांत फरक आहे, कारण पाहणाऱ्याला मिठाबरोबर पाणीही बदलायचे असते हे कळते.

नायट्रेटची चाचणी मात्र कटकटीची आहे, आणि बहुतेकांच्या हातून ती चुकीची होते. दुसऱ्या बाटलीतील घन द्रव्य तळाशी बसते, म्हणून थेंब टाकण्यापूर्वी ती बाटली तीस सेकंद जोरात हलवायची असते आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. हे माहितीपत्रकात लिहिले आहे, पण पत्रक दुसऱ्यांदा कोण वाचतो? बाटली नुसती दोनदा झटकली तर पाणी पिवळे राहते आणि मालक ‘नायट्रेट शून्य’ म्हणून समाधान मानतो. मासे असलेल्या, झाडे फारशी नसलेल्या जुन्या टाकीत नायट्रेट शून्य आले तर आनंद मानण्याआधी चाचणी पुन्हा करावी. कार्डावरच्या १० आणि २० च्या, तसेच ४० आणि ८० च्या छटा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की नेमका आकडा सांगणे अवघड जाते. व्यवहारात त्याने अडत नाही. नारिंगी दिसले तर ठीक, स्पष्ट लाल दिसले तर पाणी बदलायचे, एवढे पुरते. टाकी नवीन असून नायट्राइट चढलेले असेल तेव्हा नायट्रेटच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये, कारण या पद्धतीत नायट्रेटचे नायट्राइट करूनच रंग आणला जातो आणि आधीचे नायट्राइटही त्यात मोजले जाते.

संचाचा एक उपयोग टाकीबाहेरही आहे. दुकानातून आणलेल्या पिशवीतील पाणी तपासून पाहावे. प्रवास लांबचा असेल तर अमोनिया हिरवा येतो आणि सामू दुकानातल्या पाण्यापेक्षा खाली असतो, कारण माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड बंद पिशवीत अडकलेला असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोवर निपचित असलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून तास-दोन तास त्यात टाकीचे थेंब सोडत बसण्याची पद्धत, जी बरेच जण काळजीपोटी करतात, ती माशाच्या हिताची नसते. पिशवी बंदच ठेवून तापमान जुळू द्यावे आणि मग मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

नळाचे पाणीही एकदा तपासावे, तेही भरल्याबरोबर आणि पुन्हा चोवीस तास उघडे ठेवल्यावर, कारण विरघळलेला वायू निघून गेल्यावर सामू बदलतो आणि टाकीला जो सामू मिळणार तो हा दुसरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि सामू ६.५ ते ८.५ आहे. माणसासाठी योग्य असलेले हे पाणी शेतीच्या पट्ट्यातील बोअरवेलचे असेल तर ते टाकीत पडण्यापूर्वीच नायट्रेटच्या कार्डावर लाल दिसू शकते. अशा घरी ‘नायट्रेट वाढले, पाणी बदला’ हा सल्ला निरर्थक ठरतो. परदेशातील मराठी वाचकांसाठी एक सूचना : अमेरिकेतील बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, वापरतात. क्लोरीन काढणारे द्रावण घातल्यावर त्यातला अमोनिया मागे उरतो आणि पाणी बदलल्यानंतर लगेच केलेली चाचणी हिरवी येते. एक दिवस थांबून पुन्हा पाहावे.

क्लोरीन आणि विरघळलेला ऑक्सिजन या दोन गोष्टी हा संच मोजत नाही. पहिल्याची तितकीशी गरज नाही, क्लोरीन काढण्याचे द्रावण दर वेळी वापरावेच. ऑक्सिजनची उणीव उन्हाळ्यात जाणवते : २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. सर्व नळ्या निर्दोष येऊनही मासे पृष्ठभागावर येत असतील, तर मे महिन्यात संशय तापमानावर घ्यावा.

किमतीचे पाहता संच काही हजार रुपयांना मिळतो आणि विक्रेत्यानुसार भाव बराच बदलतो. एका गप्पीच्या टाकीसाठी हा खर्च डोळ्यांवर येतो हे मान्य आहे. चाचणीच्या कागदी पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यांपैकी अनेकांत अमोनियाच नसतो, आणि ओलसर हवेत डबी उघडझाप करून त्या लवकर बिघडतात. कोकणात किंवा पावसाळी मुंबईत त्या घेऊ नयेत. चार-पाच हौशी लोकांनी मिळून एक संच घेतला तर चाचण्यांची संख्या मुदतीत वापरलीही जाते आणि खर्चही वाटला जातो. घेताना बाटलीवरचा लॉट क्रमांक पाहावा, त्याचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगतात. दोन-तीन वर्षे गोदामात पडून राहिलेला माल सवलतीत घेण्यात फायदा नाही. काही द्रावणे तीव्र अल्कली किंवा आम्लधर्मी आहेत, तेव्हा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा, उन्हापासून दूरच्या जागी ठेवावा, चाचणीचे पाणी टाकीत परत ओतू नये आणि नळ्या लगेच धुऊन उपड्या ठेवाव्यात.

नवी टाकी लावणाऱ्यांनी हा संच निःशंक घ्यावा, आणि पाणी मुंबई-पुण्याचे असेल तर सोबत केएचची बाटलीही. ज्यांची टाकी वर्षभर व्यवस्थित चालली आहे त्यांना पूर्ण डब्याची गरज नाही; नायट्रेट, केएच आणि सामू यांच्या सुट्या चाचण्या मिळतात, तेवढ्या पुरेशा आहेत.